कीबोर्ड बदलला तरी हात पुन्हा दुखतोच? मराठी टायपिंग करणाऱ्यांनी आधी काय तपासावं

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. नवा कीबोर्ड घेतला, महिनाभर बरं वाटलं, मग कामाचा रेटा आला आणि हात पुन्हा तसाच ठणकायला लागला. माझेही तीन कीबोर्ड झाले आणि दुखणं राहिलंच. तिन्ही वेळा मी दुखणं नीट न ओळखताच कीबोर्ड बदलला होता.

मी सांगलीत विजयनगरला, कोर्टाच्या जवळ, मराठी टायपिंगची कामं घेते. दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं असं काम. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर ओसरल्यावर लोक भिजलेल्या, चिकटलेल्या कागदांची पुडकी घेऊन यायचे. दुसरी प्रत मिळावी म्हणून अर्ज, नुकसानीचे तपशील, कागद वाहून गेल्याचं प्रतिज्ञापत्र. समोरच्या माणसाचं घर पाण्यात गेलेलं असताना 'उद्या या' म्हणायची जीभ होत नव्हती. सकाळी दहा ते रात्री नऊ बसत होते. दिवाळी आली तेव्हा दोन्ही मनगटं करंगळीच्या बाजूनं दुखत होती आणि डाव्या करंगळीपासून कोपरापर्यंत ओढ बसत होती. ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची कारणं वेगळी आहेत, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढची सगळी फरफट त्यामुळेच झाली.

पहिल्यांदा खटखट वाजणारा, उंच मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग असलेला) घेतला, बटणं हलकी म्हणून. मनगट आणखी वर वाकायला लागलं. दुसऱ्यांदा नंबरपॅड, म्हणजे उजवीकडचा आकड्यांचा चौकोन, नसलेला छोटा घेतला. वकिलांच्या जुन्या फाइली जुन्या फाँटात असतात आणि त्यातली काही अक्षरं ऑल्ट धरून नंबरपॅडवर आकडे दाबल्याशिवाय उमटत नाहीत. वरच्या ओळीतले आकडे तिथं चालत नाहीत. तो कीबोर्ड आठ दिवसांत कपाटात गेला. तिसऱ्यांदा मधून दुभागलेला, कमानीसारखा घेतला. मनगटांचं दुखणं खरंच थांबलं, पण करंगळीची ओढ तशीच राहिली.

मिरजेच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "ताई, कुठं दुखतंय?" मी पंजा मनगटावरून कोपरापर्यंत फिरवला. त्या म्हणाल्या, "हातानं नको, एका बोटानं दाखवा." मला दाखवता येईना. म्हणून पहिलं काम हेच करा. कोऱ्या कागदावर दोन्ही पंजे ठेवून पेन्सिलनं बाहेरची रेघ काढा. आठवडाभर, जिथं दुखेल तिथं फुली मारा आणि शेजारी वेळ लिहा. टाइप करताना, माऊस धरल्यावर, रात्री झोपेत, सकाळी उठल्यावर, जे असेल ते.

फुल्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात असतील, करंगळी मोकळी असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटाच्या बोगद्यातून जाणारी मीडियन नस दाबली जात असण्याची शक्यता मोठी. कार्पल टनेल म्हणतात ते हेच. करंगळी आणि तिच्या शेजारची अर्धी अनामिका बधिर होत असेल तर ती दुसरी नस, अल्नर. ती कोपराच्या आतल्या बाजूनं जाते. टेबलाच्या धारदार कडेवर कोपर टेकून बसणाऱ्यांना हा त्रास होतो आणि त्यावर कोणताही कीबोर्ड चालत नाही, कोपर तिथून उचलावं लागतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हलकेच वाकवून पाहा. तिथं कळ आली तर अंगठ्याचे स्नायुबंध सुजलेले असू शकतात. मोबाइलवर अंगठ्यानं टाइप करणं आधी कमी करा. अंगठ्यांना जास्त बटणं देणारे महागडे कीबोर्ड अशांनी तूर्त घेऊच नयेत.

आता एक गोष्ट नीट ऐका. बधिरपणा दिवसभर टिकत असेल, हातातून पेला किंवा किल्ली निसटत असेल, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होत चालला असेल, तर हे वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. नसेच्या वहनाची तपासणी असते, तिला एनसीव्ही म्हणतात, त्यातून नस किती दाबली गेलीय ते कळतं. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही कार्पल टनेलचा त्रास वाढतो. साखर तपासली नसेल तर तीही तपासून घ्या. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी दोन वर्षं फक्त तेल चोळलं, आता त्यांना साडीला पिन लावता येत नाही.

फुल्यांचा कागद झाला की मोबाइल घ्या आणि कुणाला तरी दोन फोटो काढायला सांगा, तुम्ही कामात असताना, न सांगता. एक बाजूनं, एक बरोबर वरून.

बाजूच्या फोटोत मनगट वर मोडलेलं दिसतंय का ते पाहा. हाताचा पाठचा भाग आणि कोपराखालचा हात एका सरळ रेषेत हवा. मोडलेलं असेल तर कीबोर्डच्या मागचे दोन पाय आधी मिटा. ते पाय कीबोर्ड मागून उचलतात आणि मनगट आणखी वर वाकवतात. ते उघडायचेच असतात असं आपल्याला कुणी तरी शिकवलेलं असतं. खर्च शून्य. त्यानंतर टेबल मोजा. आपल्याकडची ऑफिसची टेबलं साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. माझी उंची पाच फूट एक इंच. खुर्चीत बसल्यावर माझं कोपर जमिनीपासून जेमतेम ६२ सेंटिमीटरवर येतं. म्हणजे मी इतकी वर्षं १३ सेंटिमीटर वर हात उचलून टाइप करत होते आणि खांदे कानाशी घेऊन बसत होते. टेबल कापता येत नव्हतं, म्हणून खुर्ची वर केली आणि पाय लोंबकळायला लागले म्हणून खाली लीगल साइझ कागदाची दोन रिमं ठेवली. एक रीम साधारण पाच सेंटिमीटर जाड असतं. उरलेला फरक पाटानं भरला.

सरकत्या ट्रेचं टेबल असेल तर उंचीचा प्रश्न सुटतो, पण ट्रेवर फक्त कीबोर्ड मावतो आणि माऊस वर टेबलावर राहतो. मग उजवा हात दिवसभर वर-खाली करतो. एकतर माऊस ट्रेवर मावेल असा छोटा कीबोर्ड, नाहीतर ट्रे बंद करून दोन्ही वर. अर्धं खाली, अर्धं वर असं ठेवू नका.

वरून काढलेल्या फोटोत पंजा करंगळीकडे वळलेला दिसेल. सरळ कीबोर्डवर जवळजवळ सगळ्यांचा वळतो, कारण खांदे रुंद आणि अक्षरांचा पट्टा अरुंद. दोन्ही हात मध्ये आणायचे आणि मग पंजे बाहेर फिरवायचे, दुसरा मार्गच नाही. माझी मनगटं त्यानंच दुखत होती. दुभागलेला कीबोर्ड याच एका कारणासाठी असतो. मधला उंचवटा हे त्याचं दुसरं काम. तळवे पूर्ण जमिनीकडे न वळवता थोडे एकमेकांकडे कललेले राहतात, कोपराखालच्या हाताचा पीळ कमी होतो. ही कल्पना नवी नाही. मायक्रोसॉफ्टचा पहिला नॅचरल कीबोर्ड १९९४ चा आहे. आपल्या गावांत तो फारसा दिसला नाही, इतकंच.

आता पैसे खर्च करण्याआधीची चाचणी, आणि या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. संगणक दुरुस्तीच्या दुकानातून दोन जुने साधे यूएसबी कीबोर्ड आणा. दोन्ही एकाच संगणकाला जोडा. विंडोजमध्ये दोन्ही एकाच वेळी चालतात. एकावर शिफ्ट धरून दुसऱ्यावर अक्षर दाबलं तरी बरोबर उमटतं. डावा हात डाव्या कीबोर्डच्या डाव्या अर्ध्या भागावर, उजवा हात उजव्याच्या उजव्या भागावर. दोन्ही खांद्यांच्या रेषेत येतील इतके लांब सरकवा, थोडे तिरके करा, आतल्या कडेखाली एकेक वही सरकवा. जागा खूप खाईल, दिसायलाही बरं दिसणार नाही. पण चार दिवस असं काम करा आणि फुल्यांचा कागद पुन्हा भरा. मनगटाच्या बाहेरच्या फुल्या कमी झाल्या तर दुभागलेला कीबोर्ड तुमच्या कामाचा आहे, आणि किती अंतर, किती उतार हवा तेही तुम्हाला कळलेलं असेल. काहीच फरक पडला नाही तर तुमचे कित्येक हजार वाचले, कारण शोध दुसरीकडे घ्यायचाय. सांगलीतल्या दुकानांत असे कीबोर्ड हात लावून पाहायला मला मिळाले नाहीत, ऑनलाइनच मागवावे लागले, म्हणून ही चाचणी इतकी महत्त्वाची.

एक गोष्ट मात्र चाचणीत उघड होत नाही, कारण तिथं दोन्ही कीबोर्डांवर सगळी बटणं असतात. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं कुठल्या बटणावर असावीत याच्या प्रमाण मांडणीत, 'व' इंग्रजी बीच्या बटणावर आहे आणि दुभागलेल्या कीबोर्डवर ते बटण बहुधा डाव्या भागात जातं. बऱ्याच जणांना ते उजव्या तर्जनीनं दाबायची सवय असते. मराठीत 'व' किती वेळा येतो ते वेगळं सांगायला नको. पहिले आठ दिवस उजवं बोट मोकळ्या जागेत पडतं. सवय मोडते, पण गर्दीच्या दिवसांत मोडायला घेऊ नका.

आणि आता करंगळी. माझं दुखणं सारखं परत येत होतं त्याचं खरं कारण इथं होतं आणि कीबोर्डच्या कुठल्याही जाहिरातीत ते मला सापडलं नसतं, कारण त्या इंग्रजी टाइप करणाऱ्यांना समोर ठेवून लिहिलेल्या असतात. इनस्क्रिप्टचा आराखडा हुशार आहे. स्वर आणि मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे, त्यामुळे हात आलटून पालटून चालतात. पण महाप्राण अक्षरं शिफ्टवर आहेत. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, शिवाय श, ष आणि ळ. ही सगळी उजव्या हाताची, म्हणजे शिफ्ट दाबायचं डाव्या करंगळीनं. कोर्टाच्या मजकुरातला एखादा परिच्छेद घ्या आणि मोजा. 'अर्जदार', 'सामनेवाले' सोपे जातील, पण 'शपथ', 'खरेदीखत', 'थकबाकी', 'भाडेपट्टा' या प्रत्येकात ती करंगळी खाली जाते. उजवी करंगळीही मोकळी नाही. च, ज, ट, ड, य हे पाचही तिच्याच वाट्याला. त्यात बॅकस्पेस आणि एंटर.

यावर उपाय विंडोजमध्येच आहे, फुकट. शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबलं की स्टिकी कीज सुरू करू का असं विचारतं. बहुतेक जण त्रास समजून ते बंद करतात. ते सुरू करा. मग शिफ्ट दाबून सोडायचं आणि नंतर अक्षर दाबायचं, धरून ठेवावं लागत नाही. करंगळी ताणून धरणं हीच खरी इजा होती, दाबणं नव्हे. दुसऱ्या आठवड्यात माझी कोपरापर्यंतची ओढ निम्म्यावर आली. एक काळजी घ्या. त्याच्या सेटिंगमध्ये दोन बटणं एकदम दाबली की स्टिकी कीज बंद करण्याचा पर्याय असतो, तो काढून टाका, नाहीतर जुन्या सवयीनं एकदा शिफ्ट धरलं की सगळं बंद पडतं आणि तुम्हाला कळतही नाही.

दुसरा उपाय, बटणं कमी दाबणं. 'मे. दिवाणी न्यायाधीश साहेब, सांगली यांचे कोर्टात' हे मी आयुष्यात किती वेळा टाइप केलं असेल! आता वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये दोन अक्षरी खुणा ठेवल्यात, खूण टाइप केली की पूर्ण मजकूर आपोआप उमटतो. सत्यापनाचा पूर्ण परिच्छेद, मिळकतीच्या चतुःसीमांचा साचा, 'येणेप्रमाणे' पासून 'हा दावा दाखल' पर्यंत सगळं खुणेवर येतं. लांब मजकुराचा पहिला खर्डा मोबाइलच्या मराठी आवाजी टायपिंगवर बोलून घेते. नावं आणि गट नंबर चुकतात, ते हातानं सुधारावे लागतात, तरी बोटांचं बरंच काम वाचतं.

मग कीबोर्ड घ्यायचाच असेल तर कसा? फुल्यांचा कागद समोर ठेवून ठरवा.

मनगटाची बाहेरची बाजू दुखत असेल, बांधा लहान असेल तर एकसंध, मधून दुभागलेला पुरतो. लॉजिटेकचा एर्गो के८६० या जातीचा आहे. त्याला नंबरपॅड आहे, म्हणून जुन्या फाँटातली ऑल्टची अक्षरं अडत नाहीत. आणि त्याचे पाय पुढच्या बाजूला आहेत, म्हणजे तो मागे उतरता ठेवता येतो, चार किंवा सात अंशांनी. मनगट सरळ ठेवायला हा उतार फार उपयोगी. तोटा एवढाच की नंबरपॅडमुळे माऊस लांब जातो. खांदे रुंद असतील किंवा मानेपर्यंत दुखत असेल तर दोन सुटे भाग असलेला पाहा. कायनेसिसच्या फ्रीस्टाइल २ चे दोन भाग वायरनं जोडलेले असतात, वायर पुरेल तितके लांब करता येतात. मधून उचलण्याचे पाय मात्र वेगळे घ्यावे लागतात.

वाटीसारख्या खोलगट बटणांचे किंवा अगदी मोजकी बटणं असलेले कीबोर्ड मोहात पाडतात. मराठीसाठी घेण्याआधी एक तपासणी कराच. इनस्क्रिप्टचा 'ड' हा पी अक्षराच्या उजवीकडच्या चौकोनी कंसावर आहे, 'ट' अवतरणचिन्हावर, आणि 'डॉक्टर', 'ऑफिस' मधला ऑ उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर. कायनेसिसच्या अॅडव्हांटेज जातीत चौकोनी कंस खालच्या ओळीत जातात. चाळीस-बेचाळीस बटणांच्या छोट्या कीबोर्डांवर कंसाची बटणंच नसतात, दुसरं बटण धरून ती मिळवावी लागतात. इंग्रजी टाइप करणाऱ्याला कंस कधीतरी लागतो, आपल्याला 'ड' दर ओळीत लागतो. अशा कीबोर्डवर आपली करंगळी वाचण्याऐवजी जास्त राबेल.

बटणांच्या जोराबद्दल. साध्या रबरी कीबोर्डला साधारण ५५ ते ६० ग्रॅम जोर लागतो. मेकॅनिकलमध्ये बटणाखालचे खटके रंगानं ओळखतात, चेरी कंपनीचा लाल ४५ ग्रॅमचा, काळा ६० ग्रॅमचा. यात बटण पूर्ण चार मिलिमीटर जातं, पण अक्षर दोन मिलिमीटरवरच उमटतं. माझ्यासारखं ज्यांनी टाइपरायटरवर हात बसवलाय, ते प्रत्येक बटण तळापर्यंत ठोकतात. हलकं बटण घेऊनही त्यांची बोटं दुखतात, कारण ठोका तोच असतो. टाइपरायटरवर तो ठोका लागायचाच, पण तिथं ओळ संपली की कॅरेज ढकलायला हात उठायचा, कागद बदलायला बोटं मोकळी व्हायची. ती सक्तीची विश्रांती संगणकानं काढून घेतली, ठोका मात्र राहिला. मी आता दर पान संपलं की उठते, पाणी पिऊन येते. मेकॅनिकल उंच असतो, म्हणून त्याच्यासोबत तळहाताला टेकण लागतं. पण ते टेकण थांबल्यावर तळवा टेकायला आहे. टाइप करताना मनगटाची आतली बाजू त्यावर दाबून धरली तर नेमकी मीडियन नस दाबली जाते. जेलची मऊ गादी असली तरी.

अशा बहुतेक कीबोर्डांवर मराठी अक्षरं छापलेली नसतात आणि वक्र बटणांवर स्टिकर टिकत नाहीत. बघून टाइप करणाऱ्यांनी आधी न बघता टाइप करायचा सराव करावा, मग खरेदी. पहिले दोन-तीन आठवडे वेग पडतोच. जुना कीबोर्ड काढून टाकू नका. सकाळी अर्धा तास नवा, मग जुना, असं हळूहळू वाढवा.

ज्यांचं काम आकड्यांचं आहे त्यांचं गणित वेगळं. मार्केट यार्डात आमच्या ओळखीचे दिवाणजी आहेत. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत वजनं, भाव, हमाली, तोलाई सगळं उजव्या हातानं नंबरपॅडवर. उजवा खांदा धरला होता. मी छोटा कीबोर्ड सुचवला तर म्हणाले, "अगं, नंबरपॅडशिवाय आमचं चालतंय व्हय?" त्यांना सुटा यूएसबी नंबरपॅड आणून दिला. नंबरपॅडवाला कीबोर्ड साधारण ४४ सेंटिमीटर लांब असतो, नसलेला ३६. माऊस आठ सेंटिमीटर आत आला. सुटा पॅड त्यांनी डावीकडे ठेवला. डाव्या हातानं आकडे मारायला त्यांना महिना लागला. आता सौद्याच्या हिशेबाच्या पट्ट्या डाव्यानं करतात आणि उजवा माऊसवर.

यंदाच्या मार्चमध्ये माझी डाव्या करंगळीची ओढ पुन्हा सुरू झाली. वर्षअखेरची गर्दी म्हणून मी चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी जुना कागद काढला, फुल्या मारल्या. सगळ्या करंगळीपासून कोपरापर्यंतच्या रेषेवर, मनगटावर एकही नाही. म्हणजे कीबोर्ड ठीक होता. मग आठवलं, आदल्या आठवड्यात संगणक फॉरमॅट करून आणला होता. स्टिकी कीज बंद, ऑटोकरेक्टची यादी पुसलेली. मी नकळत पुन्हा शिफ्ट धरून ठेवत होते आणि पूर्ण मजकूर हातानं टाइप करत होते. दहा मिनिटांत दोन्ही परत बसवलं. ऑटोकरेक्टच्या खुणांची यादी आता छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलीय आणि पेनड्राइव्हवरही.